शिरवळचा आकडा: ४१२८०१

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की नीरा नदी ओलांडल्यावर सातारा जिल्ह्याचं पहिलं मोठं गाव लागतं ते शिरवळ. सुभानमंगळाच्या गढीचं, लेण्यांचं, अलीकडे कारखान्यांचं आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं. या गावाला येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर, पार्सलवर आणि बँकेच्या कागदावर एक सहा अंकी आकडा असतो: ४१२८०१. तो पाठ सगळ्यांना असतो, पण त्याच्याकडे कुणी बघत नाही. पुढच्या पानांत तेवढंच केलेलं आहे. एक आकडा घेतला आहे आणि त्याच्याकडे नीट बघितलं आहे.

आधी टपाल खात्याची बाजू. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी, आणि संस्कृत कवीही. अडचण साधी होती: देशात एकाच नावाची गावं ढिगाने, पत्ते लिहिणाऱ्यांच्या लिप्या वेगळ्या आणि हस्ताक्षरं तर देवाला ठाऊक. याचं उदाहरण शिरवळच्या शेजारीच आहे. शिरवळ ज्या तालुक्यात येतं तो खंडाळा तालुका. नुसतं ‘खंडाळा’ म्हटलं तर दहांतले नऊ जण लोणावळ्याजवळचा, बोरघाटातला खंडाळा समजतात. साताऱ्याच्या खंडाळ्याचं पत्र तिकडे जायचं नसेल तर नावापलीकडचं काहीतरी हवं. ते म्हणजे ४१२८०२.

पहिला अंक ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या टापूचा. पहिले तीन अंक मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो, आणि शेवटचे तीन अंक पोस्ट ऑफिसचे. इथे एक गंमत आहे. सातारा शहराचा पिन ४१५००१, पण शिरवळचा सुरू होतो ४१२ ने, आणि ४१२ हा पुण्याच्या बाजूचा गट. म्हणजे महसुलाच्या नकाशात शिरवळ साताऱ्याचं आणि टपालाच्या नकाशात पुण्याकडचं. शिरवळ ८०१, खंडाळा ८०२, वाई ८०३, पाचगणी ८०५, महाबळेश्वर ८०६. पुण्याकडून निघालेल्या माणसाला गावंही याच क्रमाने लागतात.

टपालाच्या दृष्टीने आकड्याचं काम इथे संपतं. गणिताच्या दृष्टीने अजून सुरूच झालेलं नाही. खात्याने हा आकडा पत्रं वेगळी करायला दिला. त्याला कशाने भाग जातो, तो वर्गांच्या बेरजेत मांडता येतो का, त्याचे अंक उलटसुलट केले तर काय होतं, याचा विचार कुणी केला नसणार, आणि करायची गरजही नव्हती. तरीही ही सगळी उत्तरं त्या आकड्यात पक्की ठरलेली आहेत. ती खात्यालाही बदलता येत नाहीत.

४१२८०१ ही संख्या मोठी म्हणायची का? खगोलशास्त्रात नाही, सरकारी अर्थसंकल्पात तर मुळीच नाही. पण वहीपेन्सिल घेऊन बसलेल्या माणसासाठी ती नेमकी हवी तेवढी मोठी आहे. नुसतं बघून तिच्याबद्दल काही सांगता येत नाही, आणि तासभर चिकाटी ठेवली तर बरंच काही हाती लागतं. १७२९ ला रामानुजन आणि हार्डी भेटले म्हणून ती संख्या प्रसिद्ध झाली. सहा अंकी संख्यांच्या वाट्याला असं भाग्य सहसा येत नाही.

सुरुवात भागाकाराने. ही मूळ संख्या आहे का? या आकाराच्या संख्यांत साधारण तेरांत एक मूळ निघते, त्यामुळे आशा ठेवायला हरकत नाही. वर्गमूळ ६४२ च्या थोडं पुढे येतं, म्हणून ६४१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन बघितलं की झालं. अशा मूळ संख्या ११६. शेवटचा अंक १, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज १६, म्हणजे ३ बाद. ७, ११ आणि १३ यांच्यासाठी एक जुनी युक्ती आहे. या तिघांचा गुणाकार १००१ होतो. म्हणून सहा अंकी संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन तुकडे करायचे, एकातून दुसरा वजा करायचा आणि उरलेल्या लहान संख्येला भाग जातो का ते पाहायचं. ८०१ वजा ४१२ म्हणजे ३८९. तिला सातने, अकराने आणि तेराने भाग दिला तर बाकी ४, ४ आणि १२. तिघेही बाद.

ही युक्ती सांगलीच्या पिनवर वापरली तर हसू येतं. सांगली ४१६४१६. ४१६ वजा ४१६ शून्य. म्हणजे ही संख्या एका फटक्यात ७, ११ आणि १३ या तिन्हींच्या पाढ्यात सापडते. तिचे अवयव पाडले की पाच वेळा २, एकदा ७, एकदा ११ आणि दोनदा १३. सांगलीकरांचा आकडा मोकळ्या स्वभावाचा आहे, पहिल्या भेटीत सगळं सांगून टाकतो.

शिरवळचा तसा नाही. १७ ला बाकी ७, १९ लाही ७, २३ ला २०, २९ ला १५, ३१ ला ५, ३७ ला २९, ४१ ला १३. त्रेचाळीसला तर हातातोंडाशी आलेला घास जातो: ४३ गुणिले ९६०० बरोबर ४१२८००, बाकी फक्त १. इथे बरेच जण कंटाळून ‘मूळ असणार’ म्हणून वही मिटतील. पण पुढचाच भागाकार लागतो. ४७ गुणिले ८७८३ बरोबर ४१२८०१. आणि ८७८३ ही स्वतः मूळ संख्या आहे; तिला ९३ पर्यंतची कुठलीच मूळ संख्या भागत नाही. म्हणजे शिरवळच्या आकड्याला १ आणि तो स्वतः सोडून फक्त दोन विभाजक, ४७ आणि ८७८३.

मूळ संख्यांच्या यादीत ४७ चा क्रमांक पंधरावा. म्हणजे पंधरा भागाकारांत काम झालं.

आता सातारा, ४१५००१. याच रीतीने भाग देत गेलं तर पंधरा काय, शंभर भागाकार झाले तरी काही हाताला लागत नाही. ही संख्या सुटते ती एकशे बाराव्या मूळ संख्येला, ६१३ ला: ६१३ गुणिले ६७७. शिरवळइतकाच दोन मूळ संख्यांचा गुणाकार, पण सात-आठपट मेहनत. मात्र एक दुसरी रीत आहे आणि ती आपल्याकडे जुनी आहे. नारायण पंडितांनी १३५६ मध्ये ‘गणितकौमुदी’ लिहिली, तिच्यात अवयव काढायची ही रीत दिलेली आहे. पुढे सतराव्या शतकात फ्रान्समध्ये फर्मानेही तीच मांडली आणि आज जग तिला त्याच्या नावाने ओळखतं. संख्येपेक्षा मोठा असा लगतचा वर्ग घ्यायचा, त्यातून संख्या वजा करायची आणि उरलेली संख्या वर्ग आहे का बघायचं. नसेल तर पुढचा वर्ग. साताऱ्यासाठी लगतचा वर्ग ६४५ चा, म्हणजे ४१६०२५. त्यातून ४१५००१ वजा केले की १०२४ उरतात, आणि १०२४ म्हणजे ३२ चा वर्ग. झालं. ६४५ वजा ३२ म्हणजे ६१३, ६४५ अधिक ३२ म्हणजे ६७७. जिथे एकशे बारा भागाकार लागत होते तिथे एका पायरीत निकाल.

मग हीच रीत शिरवळला लावायचा मोह होतोच. ६४३ च्या वर्गातून वजा केले, ६४८ उरले. वर्ग नाही. ६४४ चा वर्ग घेतला, १९३५ उरले. नाही. असं करत करत थेट ४४१५ च्या वर्गापर्यंत जावं लागतं. तिथे कुठे ४३६८ चा वर्ग उरतो. पायऱ्या मोजल्या तर ३७७३. (उलट वाचली तरी तीच संख्या, पण त्या वेळी कौतुक करण्याइतकं त्राण उरलेलं नसतं.) कारण उघड आहे. साताऱ्याचे दोन अवयव एकमेकांना खेटून आहेत, शिरवळचे फार लांब. एक रीत लहान अवयव पटकन पकडते, दुसरी जवळजवळचे.

हा प्रश्न दिसतो तितका निरुपद्रवी नाही. बँकेचे व्यवहार आणि संगणकावरचे निरोप गुप्त ठेवण्यासाठी १९७७ मध्ये मांडलेली जी आरएसए पद्धत वापरात आली, तिचा सगळा भरवसा यावरच आहे की दोन प्रचंड मूळ संख्या गुणणं सोपं आणि गुणाकारावरून त्या परत शोधणं महाकठीण. तिथल्या संख्या सहाशेहून अधिक अंकांच्या असतात. त्या निवडणाऱ्यांना शिरवळचा धडाही लक्षात ठेवावा लागतो आणि साताऱ्याचाही: अवयव इतका लहान नको की भागाकाराने सापडेल, आणि दोन अवयव इतके जवळ नकोत की नारायण पंडितांच्या रीतीने उघडे पडतील. एखादी संख्या मूळ आहे की नाही एवढंच ठरवायचं असेल तर ते तुलनेने सोपं. मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या कानपूर आयआयटीच्या तिघांनी २००२ मध्ये त्यासाठी वेगवान आणि हमखास रीत दिली. पण मूळ नाही हे कळणं वेगळं, आणि तिचे अवयव हातात येणं वेगळं.

भागाकारावरून वर्गांकडे वळलं की शिरवळ आणि खंडाळा हे शेजारी चक्क दोन जातींचे निघतात. कोणती संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते, याचा नियम मूळ अवयवांत दडलेला असतो. ४ ने भागल्यावर ३ उरतात अशी मूळ संख्या अवयवांत विषम वेळा आली, की खेळ खलास. ४७ ला ४ ने भागलं तर ३ उरतात. ८७८३ ला भागलं तरी ३. दोघांचा गुणाकार केला की बाकी होते १, त्यामुळे ४१२८०१ वरवर चांगल्या घरची वाटते. वर्गांच्या बेरजेत बसू शकणाऱ्या सगळ्या विषम संख्यांची बाकी १ च असते. पण घराण्यात दोष आहे, एक नाही तर दोन. ४१२८०१ म्हणजे दोन पूर्ण वर्गांची बेरीज, असं कुणीही कधीही लिहून दाखवू शकणार नाही.

आणि शेजारचा ४१२८०२? त्याचे अवयव २, १३ आणि १५८७७. शेवटची संख्या मूळ आहे आणि ती १२६ च्या वर्गापेक्षा बरोबर एकने मोठी आहे. २ म्हणजे १ अधिक १, १३ म्हणजे ४ अधिक ९. तिघीही दोन वर्गांच्या बेरजा. अशा संख्यांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीजच होतो, हे सांगणारं नित्यसमीकरण ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखलं जातं; त्याने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ इसवी सन ६२८ मध्ये लिहिला. ते वापरलं की खंडाळ्याचा आकडा दोन तऱ्हांनी सुटतो: ६२९ आणि १३१ यांच्या वर्गांची बेरीज, आणि ६३१ आणि १२१ यांच्या वर्गांची बेरीज. दोन्ही वेळा ४१२८०२. शिरवळला दोन वर्ग जमत नाहीत, पण तीन जमतात. ६४२ चा वर्ग ४१२१६४, २१ चा ४४१, १४ चा १९६; बेरीज ४१२८०१. एका एककाच्या अंतरावर इतका फरक, आणि तो कुठल्याही टपाल अधिकाऱ्याच्या टेबलावर ठरलेला नाही.

इथपर्यंत जे पाहिलं त्यात अंकांचा संबंध नव्हता. संख्या रोमन लिपीत लिहिली काय किंवा गारगोट्यांचा ढीग मांडला काय, ४७ आणि ८७८३ तेच राहतात. आता दुसऱ्या प्रकारचे गुणधर्म, आणि त्यांच्यासाठी देवळालीला जावं लागतं.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ मध्ये डहाणूला जन्मले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. तिथे १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. संशोधनाची पदवी नाही, विद्यापीठातली जागा नाही. फावल्या वेळात संख्या आणि कागद. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ चा शोध जाहीर केला. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लहान, आणि वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि मग हलत नाही. शिवराज्याभिषेकाचं साल १६७४ घेतलं तर एकाच पायरीत: ७६४१ वजा १४६७. कापरेकरांच्या शोधाचं साल १९४९ घेतलं तर ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि मग ६१७४. सातच्या सात पायऱ्या वसूल.

सहा अंकी संख्यांचा हिशेब थोडा गुंतागुंतीचा आहे. तिथे तीन शेवट संभवतात. दोन संख्या ६१७४ सारख्या जागच्या जागी थांबणाऱ्या, ५४९९४५ आणि ६३१७६४. आणि तिसरा शेवट म्हणजे सात संख्यांचं एक रिंगण, ज्यात शिरलेली संख्या गोल फिरत राहते. शिरवळचं काय होतं? ८४२११० वजा ०११२४८ म्हणजे ८३०८६२. पुढे ८८६३२० वजा ०२३६८८ म्हणजे ८६२६३२. ही रिंगणातलीच. पुढे ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२ आणि परत ८६२६३२. शिरवळ दोन पायऱ्यांत रिंगणात. महाबळेश्वरचा ४१२८०६ पहिल्याच पायरीला ८५१७४२ वर उतरतो. खंडाळा मात्र आठ पायऱ्या घेतो.

वाईचा ४१२८०३ घेतला तर पहिलं उत्तर येतं ८३०८६२. शिरवळचं होतं तेच! हा योगायोग नव्हे. सहा अंक उतरत्या क्रमाने लावल्यावर पहिला आणि सहावा, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा यांतले फरक काढा. वजाबाकीचं उत्तर या तीन फरकांवरच ठरतं: पहिल्याला ९९९९९ ने, दुसऱ्याला ९९९० ने, तिसऱ्याला ९०० ने गुणून बेरीज करायची. शिरवळचे अंक ८, ४, २, १, १, ०. फरक ८, ३, १. वाईचे अंक ८, ४, ३, २, १, ०. फरक पुन्हा ८, ३, १. म्हणून दोन्ही गावं एकाच ठिकाणी येऊन मिळतात. खंडाळ्याचा तिसरा फरक शून्य होतो, म्हणून तो वेगळ्या वाटेने भरकटतो. प्रत्येक उत्तराला ९ ने भाग का जातो, तेही याच तीन गुणकांतून दिसतं.

हार्डीसारख्या मातब्बराला असले अंकांचे खेळ पसंत नव्हते. १९४० मध्ये लिहिलेल्या आपल्या छोट्या पुस्तकात त्याने ८७१२ आणि ९८०१ यांची उदाहरणं दिली. पहिली आपल्याच उलट्या रूपाच्या, म्हणजे २१७८ च्या चौपट, दुसरी १०८९ च्या नऊपट. कोड्यांच्या सदराला ठीक, गणितज्ञाला त्यात काही नाही, असा त्याचा सूर. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहेच. दशमान सोडून संगणकाच्या द्विमान पद्धतीत शिरवळ लिहिलं तर ११००१००११००१०००००० च्या पुढे १ असा एकोणीस अंकांचा आकडा होतो, आणि कापरेकरांचं रिंगण कुठल्या कुठे जातं. ४७ आणि ८७८३ मात्र जागेवरच असतात. पण एवढ्यावरून खेळ टाकाऊ ठरत नाही. वाई आणि शिरवळ एकाच उत्तरावर का येतात, हे विचारलं त्या क्षणी खेळ संपून बीजगणित सुरू होतं. शाळेतल्या मुलाला तिथवर न्यायला ६१७४ इतका सोपा रस्ता क्वचित सापडेल. मार्टिन गार्डनरने मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा देवळालीच्या निवृत्त मास्तरांची जगाला ओळख झाली. इथल्या कित्येकांना त्यानंतर झाली, हे आपलं नेहमीचंच.

कापरेकरांची आणखी दोन परिमाणं या आकड्यांना लावून बघण्यासारखी आहेत. अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो ती हर्षद संख्या. शिरवळची बेरीज १६ आणि संख्या विषम, म्हणजे नाही. सांगलीची बेरीज २२, आणि ४१६४१६ भागिले २२ बरोबर १८९२८, सांगली हर्षद. दुसरं परिमाण स्वयंभू संख्यांचं: एखाद्या लहान संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती स्वयंभू. शिरवळ तीही नाही. ४१२७७५ च्या अंकांची बेरीज २६, आणि ती त्यात मिळवली की ४१२८०१.

पुढची प्रकरणं वाचायला सातवी-आठवीचं गणित आणि कोरी वही पुरे. कॅल्क्युलेटर असला तर हरकत नाही, पण पहिले दोन-चार भागाकार हातानेच व्हावेत. सुरुवातीला फलटण घ्यावं, ४१५५२३. शेवटचा अंक ३, अंकांची बेरीज २०. म्हणजे २, ३, ५ बाद. ५२३ वजा ४१५ म्हणजे १०८, त्यामुळे ७, ११, १३ बाद. सतराने भागल्यावर बाकी ९. एकोणीसपासून पुढे वाचकाने.